आधी अंगठा बघा, मग फिल्म

पत्र असं आहे. नावगाव काढलं आहे आणि मजकूर थोडा आटोपशीर केला आहे.

"डॉक्टरबाई, नमस्कार. माझे यजमान ४३ वर्षांचे, एसटीत चालक आहेत. पाच आठवड्यांपूर्वी घरात पाण्याचं पिंप सरकवताना त्यांच्या कंबरेत चमक भरली. दोन दिवसांनी डावा पाय कुल्ल्यापासून अंगठ्यापर्यंत पेटल्यासारखा दुखायला लागला. रात्री झोप नाही, बसवत नाही. एमआरआय केला. चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आली आहे आणि शीर दबली आहे, असं रिपोर्टमध्ये आहे. तालुक्याचे सर्जन म्हणाले, 'याच आठवड्यात ऑपरेशन करून घ्या, नाहीतर पाय लुळा पडेल.' जिल्ह्याच्या डॉक्टरांनी तीच फिल्म बघून सांगितलं, 'आणखी काही आठवडे थांबा, गोळ्या आणि व्यायाम.' सासूबाई म्हणतात, मणक्याचं ऑपरेशन झालेला माणूस परत उठत नाही. दीर म्हणतात, पायाळू माणसाकडून कंबरेत लाथ मारून घ्या. त्यातच माझी आई, वय ७२, दोन आठवड्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून पडली. त्याच दिवशी काढलेल्या सिटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही, पण मेंदूजवळ साधारण दीड सेंटिमीटरची मेनिंजिओमा नावाची गाठ निघाली. तिला हृदयासाठी रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे. भाऊ म्हणतो, मुंबईला नेऊन गाठ काढून टाकू. एका घरात दोन ऑपरेशनं. मी कुठून सुरुवात करू?"

ताई, सुरुवात आज रात्री घरातूनच करा. त्याला पैसे लागत नाहीत.

यजमानांना अनवाणी उभं करा आणि फक्त टाचांवर दहा पावलं चालायला सांगा. डाव्या पायाचा चवडा उजव्याइतकाच वर राहतो का, ते बघा. मग त्यांना खुर्चीवर बसवा. दोन्ही पायांचे अंगठे वर ओढून धरायला सांगा आणि तुमच्या बोटांनी ते खाली दाबायचा प्रयत्न करा. डावा अंगठा लगेच खाली जातो आणि उजवा जात नाही, असं आहे का? आणखी एक विचारा. चालताना डाव्या पायातली चप्पल नकळत निसटते का, जिन्याच्या पायरीला बोटं अडखळतात का? चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी बाहेर आली की बहुतेक वेळा पाचवी शीर दबते आणि पाऊल व अंगठा वर उचलणं हे त्या शिरेचं काम आहे. म्हणून तुमच्या घरच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्या अंगठ्यात आहे.

अंगठा आणि पाऊल दोन्हीकडे सारखं उचललं जात असेल, नुसत्या मुंग्या, बधिरपणा आणि वेदना असतील, तर तुमच्या हातात वेळ आहे. पाऊल उचलतच नसेल, किंवा मागच्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात ताकद कमी झालेली दिसत असेल, तर वेळ नाही. मग तालुक्याच्या सर्जनचं म्हणणं बरोबर आहे आणि एक-दोन दिवसांत मणक्याच्या सर्जनना दाखवायला हवं.

आता विचारायला अवघड वाटेल असा प्रश्न. तो विचाराच, कारण आपल्याकडची पुरुषमाणसं हे आपणहून सांगत नाहीत. लघवी अडते का, जोर करावा लागतो का, किंवा लागल्याचं कळतच नाही असं होतं का? सायकलच्या सीटवर शरीराचा जो भाग टेकतो, तिथे, म्हणजे मांड्यांच्या आतल्या बाजूला, शौचाच्या जागेभोवती आणि जननेंद्रियांजवळ, बधिर वाटतं का? एकाच पायात असलेलं दुखणं दोन्ही पायांत आलंय का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल तर हे सदर इथेच ठेवा आणि रात्रीचे दोन वाजले असले तरी मोठ्या रुग्णालयात जा. तिथे कंबरेखालच्या शिरांचा सगळा जुडगाच दबलेला असू शकतो. अशा वेळी ऑपरेशन तासांच्या हिशोबात करायचं असतं. उशीर झाला तर लघवी-शौचावरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. हे क्वचित घडतं. पण घडलेले रुग्ण मी पाहिले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी दोन-तीन दिवस 'गोळीने बरं वाटेल' म्हणून घरात काढले होते.

तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही, म्हणून पुढचं सगळं मी ताकद शाबूत आहे असं धरून लिहिते आहे.

'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आला', 'शीर दबली' हे शब्द आपल्या प्रत्येक घरात आहेत आणि त्यांतला 'गॅप' हा शब्द सगळ्यात जास्त घाबरवतो. जणू पाठीचा कणा मधेच तुटून फट पडली आहे. खरं तर दोन मणक्यांमधलं अंतर वयानुसार थोडं कमीच होतं. गादी अख्खीच्या अख्खी सरकतही नाही. तिच्या बाहेरच्या बाजूला चिवट धाग्यांचं कडं असतं आणि आत मऊ गर. कड्याला चीर गेली की थोडा गर बाहेर येतो आणि शेजारच्या शिरेला लागतो. शीर दाबली जाते, शिवाय त्या गरामुळे सुजतेही. पेटल्यासारख्या वेदनेत या सुजेचा वाटा मोठा असतो. म्हणून गर जागेवर असतानाही सूज उतरली की दुखणं उतरू शकतं.

शरीर या बाहेर आलेल्या गराला परका समजतं. पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती जमतात आणि हळूहळू तो संपवतात. ऐकायला उलटं वाटेल, पण गादी नुसती फुगलेली असेल तर ती तशीच राहण्याचा संभव जास्त, आणि गर कडं फोडून बाहेर आला असेल, तुकडा सुटून पडला असेल, तर तो विरघळण्याचा संभव जास्त. यजमानांच्या रिपोर्टमध्ये गर बाहेर आल्याचं लिहिलंय म्हणून तुमच्या पोटात गोळा आला असेल. पण त्या शब्दांत थोडी आशाही आहे.

फिल्मबद्दल एक सांगते. १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचा एमआरआय काढला होता. या सगळ्यांची पाठ ठणठणीत होती, कुणालाही दुखणं नव्हतं. तरी निम्म्याहून जास्त लोकांत कुठे ना कुठे गादी फुगलेली सापडली आणि एक चतुर्थांशाहून जास्त लोकांत ती ठळकपणे पुढे आलेली होती. सगळ्या गाद्या निर्दोष असलेले लोक जेमतेम ३६ टक्के होते. त्यामुळे चाळिशीतल्या चालकाच्या फिल्ममध्ये 'झीज', 'फुगवटा', 'गादी कोरडी पडली आहे' असे शब्द येणारच. फिल्म उपयोगी पडते ती डॉक्टरांनी पाय तपासून कोणती शीर दुखते आहे हे ठरवल्यावर. दुखणाऱ्या शिरेशी फिल्ममधली जागा जुळली की तिला अर्थ येतो. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती जुळते आहे असं पत्रावरून वाटतं, कारण दुखणं अंगठ्यापर्यंत जातंय. दोन्ही डॉक्टरांचं निदान एकच आहे, हे लक्षात घ्या. मतभेद आहे तो वेळेबद्दल.

आणि या वेळेच्या प्रश्नावर चांगला अभ्यास झालेला आहे. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्ण घेतले. सगळ्यांना गादीमुळे पायात जाणारं जबर दुखणं सहा ते बारा आठवड्यांपासून होतं. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन गट केले. एका गटाचं लवकर ऑपरेशन करायचं, दुसऱ्याला गोळ्या, व्यायाम आणि धीर देत थांबवायचं, आणि फारच असह्य झालं तर ऑपरेशनची मुभा ठेवायची. २००७ साली निकाल प्रसिद्ध झाला. लवकर ऑपरेशन झालेले निम्मे लोक साधारण चार आठवड्यांत बरे झाले होते, थांबलेल्यांना त्याच टप्प्यावर यायला साधारण बारा आठवडे लागले. म्हणजे ऑपरेशनने आराम लवकर मिळतो, हे खरं. पण वर्ष संपलं तेव्हा दोन्ही गटांत १०० पैकी ९५ जण आपण बरे झालो असं सांगत होते. थांबलेल्या गटातल्या ३९ टक्के लोकांना मधल्या काळात ऑपरेशन करून घ्यावं लागलं. बाकीच्यांना लागलंच नाही.

हे आकडे मी मुद्दाम सगळे दिले, कारण अर्धे सांगून कुणीही आपलं म्हणणं खरं करू शकतं. ऑपरेशनवाला 'चार आठवडे' सांगेल, ऑपरेशनला घाबरणारा '९५ टक्के' सांगेल. दोन्ही खरं आहे. तुमचे यजमान पाचव्या आठवड्यात आहेत, म्हणजे त्या अभ्यासात लोकांना घेतलं तिथवरही ते अजून पोचलेले नाहीत. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत बरेच रुग्ण आपोआप उताराला लागतात. म्हणून ताकद शाबूत असेल तर जिल्ह्याच्या डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. पण 'थांबा' म्हणजे खाटेवर पडून वाट बघा, असं नाही.

इथे माझं स्वतःचं सांगते. अडतिसाव्या वर्षी माझीच शेवटची गादी बाहेर आली होती. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मला एका रुग्णालयात तीन आठवडे फळीवर झोपवलं, पायांना वजनं लावली. मी स्वतः डॉक्टर असून गुमान पडून राहिले. उठले तेव्हा दुखणं होतं तसंच होतं. मांड्या मात्र वाळल्या होत्या, भोवळ येत होती आणि मनाने मी रुग्ण होऊन बसले होते. तिसऱ्या महिन्यात दुखणं गेलं, ते अंगणात रोज थोड्या थोड्या फेऱ्या मारायला लागल्यावर. पुढे १९९९ साली नेदरलँड्समधल्याच एका अभ्यासात दिसलं की अशा दुखण्यात दोन आठवडे झोपून राहिलेले आणि जमेल तसे हिंडत राहिलेले यांच्यात काही फरक पडत नाही. ते वाचलं तेव्हा मला त्या तीन आठवड्यांचं फार वाईट वाटलं. आजही गावोगाव लोकांना महिना-महिना झोपवून ठेवतात, म्हणून हे सांगितलं.

यजमानांना दिवसातून पाच-सहा वेळा, दहा-दहा मिनिटं, सपाट जागेवर चालू द्या. दुखणं असह्य झालं की थांबायचं, कुशीवर झोपायचं, दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची, पुन्हा उठायचं. सलग बसणं सगळ्यात वाईट, म्हणून जेवणही उभ्याने करावं लागलं तरी चालेल. जमिनीवर मांडी घालणं आणि वाकून काही उचलणं काही आठवडे बंद. भारतीय पद्धतीच्या संडासात फार त्रास होत असेल तर प्लास्टिकची कमोड खुर्ची आणा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कारण कुंथताना शिरेवर ताण येतो आणि कळ थेट पायात जाते. पट्टा प्रवासापुरता हवा तर बांधा, दिवसभर नको. वजन लावण्याचा म्हणजे ट्रॅक्शनचा काही भरवशाचा फायदा दिसलेला नाही. शेकाने स्नायू सैल होतात, बरं वाटतं, तेवढ्यापुरता घ्या.

व्यायाम यूट्यूबवरून नको. चांगल्या फिजिओथेरपिस्टकडे जा. ते वेगवेगळ्या हालचाली करून दुखणं कुठे सरकतं ते बघतील. एक खूण लक्षात ठेवा: पोटरी आणि अंगठ्यातलं दुखणं वर सरकून कुल्ल्यात आणि मग कंबरेत जमा व्हायला लागलं, तर कंबर जास्त दुखली तरी ते चांगलं लक्षण आहे. उलट दुखणं आणखी खाली उतरत असेल तर तो व्यायाम थांबवा.

गोळ्यांबद्दल सांभाळून. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या काही दिवस उपयोगी पडतात, पण त्या पोटाला आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. रक्तदाब किंवा मधुमेह असेल तर जास्तच. डॉक्टरांनी लिहिले तेवढेच दिवस घ्या, मेडिकलवाल्याकडून परस्पर वाढवू नका. शिरांच्या दुखण्याला म्हणून प्रिगॅबालिन सर्रास लिहिली जाते. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ सालच्या अभ्यासात मात्र गादीच्या पायदुखीवर ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही आणि चक्कर मात्र जास्त जणांना आली. यजमान चालक आहेत, म्हणून हे सांगितलं. ती चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांशी बोला, आणि ती घेऊन गाडीला हात लावू नका. आणि कुणी बिननावाची पुडी दिली आणि दोन दिवसांत 'जादू' झाली, तर ती घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं.

दीर म्हणतात ती पायाळूची लाथ. उसण भरली की पायाळू माणसाचा पाय लावून घ्यायचा, हे माझ्या आजीनेही केलेलं मी पाहिलंय. साधी उसण स्नायूंची असते, ती चार दिवसांत तशीही जाते, आणि श्रेय त्या पायाला मिळतं. पण कडं फाटून गर बाहेर आलेला असताना कंबरेवर लाथ, बुक्की, झटका किंवा कुणी पाठीवर उभं राहणं अजिबात नको. उरलेला गरही बाहेर येऊ शकतो आणि आज शाबूत असलेली ताकद उद्या जाऊ शकते. दिरांना दुखवू नका. पायावर, पोटरीवर हलक्या हाताने तेल लावू द्या आणि कंबर सोडून द्यायला सांगा.

झोपच लागत नसेल तर गोळ्या आणि ऑपरेशन यांच्या मधली एक पायरी आहे: एक्स-रेखाली बघत शिरेजवळ दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन. त्याने गादी बरी होत नाही. काही जणांना काही आठवड्यांचा आराम मिळतो आणि तेवढ्या वेळात शरीर आपलं काम करतं. एक देऊन फरक पडला नाही तर तिसरं-चौथं घेत बसू नये.

आता ऑपरेशन. सहा-आठ आठवडे नीट उपचार करूनही पाय तसाच पेटत राहिला, माणूस कामावर जाऊ शकत नाही, रात्र जागून काढतोय, तर ऑपरेशन हा उत्तम उपाय आहे आणि तेव्हा मी त्याच्या बाजूने उभी राहीन. तिथे आणखी सहा-आठ महिने रेटत राहणंही शहाणपणाचं नाही, कारण फार उशिरा केलेल्या ऑपरेशनचा गुण कमी येतो. तुम्ही दिवाळीपर्यंत किंवा मुलीची परीक्षा होईपर्यंत असं ठरवू नका. डॉक्टरांसमोर बसून तारीख ठरवा, की अमुक दिवसापर्यंत फरक पडला नाही तर पुढचं पाऊल.

सासूबाईंची भीती खोटी नाही, जुनी आहे. त्यांच्या तरुणपणी लोकांनी मणक्याच्या क्षयाची, अपघाताची ऑपरेशनं पाहिली होती. त्यात माणूस मुळातच पांगळा होऊन रुग्णालयात यायचा आणि दोष ऑपरेशनला लागायचा. त्यांना हे सांगा: मेंदूपासून खाली येणारा मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो. त्याच्या खाली सुट्या शिरा असतात, घोड्याच्या शेपटीच्या केसांसारख्या. यजमानांची गादी त्याच्या बरीच खाली आहे. तिथे छोटासा छेद घेतात, सूक्ष्मदर्शकातून किंवा दुर्बिणीतून बघतात, शीर अलगद बाजूला धरतात आणि बाहेर आलेला गर काढतात. साधारणपणे दुसऱ्या दिवशी रुग्ण चालतो. गर काढल्यामुळे पायदुखी कमी व्हायची शक्यता खूप चांगली असते, कंबरदुखीची तेवढी हमी नसते. जंतुसंसर्ग, शिरांच्या पातळ आवरणाला छिद्र पडणं, शिरेला इजा असे धोके आहेत, कमी असले तरी. आणि त्याच गादीतून पुन्हा गर येण्याचा संभव शंभरात साधारण पाच ते दहा जणांना असतो. ऑपरेशनने गादी नवी होत नाही, हे यजमानांना आधीच माहीत असावं.

तालुक्याच्या सर्जनना खलनायक करू नका. त्यांनी कदाचित पायात कमजोरी पाहिली असेल आणि घाईत तुम्हाला नीट सांगितलं नसेल. त्यांच्याकडे परत जा आणि विचारा, "पायाची ताकद किती आहे, ती कागदावर लिहून द्याल का?" ही ताकद शून्य ते पाच अशी मोजतात. आज पाच असेल आणि पुढच्या तपासणीत चार झाली, तर ते कुणालाही कळेल. दुसरं विचारा, "फक्त गर काढणार की स्क्रू आणि पट्ट्याही टाकणार?" पहिल्यांदाच गादी बाहेर आली आहे आणि मणका मणक्यावरून सरकलेला नाही, अशा वेळी स्क्रू टाकून मणके जोडायची बहुतेक वेळा गरज नसते. स्क्रू सांगितले तर कारण विचारा, दुसरं मत घ्या. "पाय लुळा पडेल" असं सांगून सही घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. घाबरलेला माणूस नीट निर्णय घेऊ शकत नाही आणि ताकद शाबूत असलेल्या पायाबद्दल ते वाक्य बहुधा खरंही नसतं.

पैशांसाठी दागिने मोडायच्या आधी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत असलेल्या रुग्णालयात जा आणि तिथल्या आरोग्यमित्राला भेटून हे ऑपरेशन त्यांच्याकडे योजनेत बसतं का, ते विचारा. रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही ही ऑपरेशनं होतात. आगारात डॉक्टरांचं पत्र देऊन काही महिने स्टिअरिंगऐवजी दुसरं काम मागा. दिवसभराचं बसणं आणि गाडीचे हादरे, दोन्ही या गादीचे वैरी आहेत. विडी-सिगारेट असेल तर आत्ता सोडायला सांगा. धूम्रपानाने गादीचं पोषण बिघडतं आणि ऑपरेशनची जखमही उशिरा भरते.

आता आईबद्दल. इथे तुमच्या भावाला ज्याची भीती वाटते आहे ते मला कमी काळजीचं वाटतं, आणि ज्याचा घरात कुणी विचार केलेला नाही ते जास्त.

मेनिंजिओमा ही मेंदूच्या आतली गाठ नाही. मेंदूवरच्या आवरणातून ती वाढते, बहुतेक वेळा कॅन्सरची नसते आणि फार हळू वाढते. बायकांमध्ये ती पुरुषांपेक्षा जास्त आढळते. दुसऱ्याच कारणाने स्कॅन काढला आणि ही सापडली, असं नेहमी होतं. रॉटरडॅममध्ये २,००० सामान्य लोकांच्या मेंदूचा एमआरआय काढला तेव्हा शंभरात जवळजवळ एकाकडे ती निघाली, आणि त्यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. तुमच्या आईला झटके येत नाहीत, नजर कमी झालेली नाही, हातपाय कमजोर नाहीत आणि गाठीभोवती मेंदूला सूज नाही, तर दीड सेंटिमीटरची गाठ ७२व्या वर्षी काढायची घाई करण्याचं कारण मला दिसत नाही. न्यूरोसर्जनना दाखवा, औषध टोचून काढलेला एमआरआय एकदा करून घ्या, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षातून एकदा. कित्येक गाठी वाढतच नाहीत. वाढली तर ऑपरेशन किंवा नेमका किरणोपचार, दोन्ही रस्ते तेव्हाही खुले असतात. गाठ डोळ्याच्या शिरेजवळ असेल तर हिशोब बदलतो, म्हणून जागा कुठली आहे ते डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.

पण त्या पडल्या आहेत आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. ही खरी काळजी आहे. पडल्या दिवशीच्या स्कॅनमध्ये रक्त नव्हतं, याचा अर्थ तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही नसेल असा होत नाही. उतारवयात मेंदू थोडा आकसलेला असतो, आवरणाखालच्या बारीक रक्तवाहिन्या ताणलेल्या असतात, आणि त्यांतून थेंब थेंब रक्त कवटीखाली साचत जाऊ शकतं. दोन ते सहा आठवड्यांनी आई जास्त झोपायला लागते, नावं विसरते, डोकं दुखतं म्हणते, चालताना एका बाजूला कलते, हातातून कप सुटतो. घरातले म्हणतात, वय झालं. कृपा करून तसं म्हणू नका. यातलं एकही दिसलं की त्याच दिवशी पुन्हा सिटी स्कॅन. साचलेलं रक्त बरंच असेल तर कवटीला एक-दोन छोटी छिद्रं पाडून ते काढतात आणि अर्धवट शुद्धीत आणलेली माणसं दोन-तीन दिवसांत नातवंडांची नावं घेऊ लागलेली मी पाहिली आहेत. तिथे 'थांबून बघू' म्हणायचं नसतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांना आजच फोन करून पडल्याचं सांगा. आणि न्हाणीघरात धरायला एक दांडी आणि खाली खरबरीत चटई या आठवड्यात लावून घ्या.

म्हणजे तुमचा क्रम असा: आज रात्री यजमानांचा अंगठा आणि लघवीचा प्रश्न. आजच आईच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन आणि पुढचा महिनाभर आईवर बारीक नजर. भावाला सांगा, मुंबईची गाडी आत्ता ठरवू नको, पण आईजवळ महिनाभर रात्री कुणीतरी झोपायला असू दे. ते काम त्याचं. तुम्ही एकटीने दोन्ही घरं ओढू नका. पत्र लिहिताना तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिली नाही, ते मला जाणवलं.

दोघांनाही कुठेही दाखवायला न्याल तेव्हा नुसता टाइप केलेला रिपोर्ट नेऊ नका. फिल्मची मोठी पाकिटं आणि सीडी दोन्ही न्या, पाकिटांवर तारखा घाला, आणि यजमानांची फिल्म पावसात भिजणार नाही अशी प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. दोन महिन्यांनी पुन्हा एमआरआय करायची वेळ आली, तर पहिल्या फिल्मशी ताडून बघता येईल.